चौथं शील

१४ जाने., बुधवार
घरी आले. ऑपरेशनचा सहावा दिवस. वरचा जबडा कापून पुढे, खालचा कापून मागे, आणि आता दोन्ही रबरांनी एकमेकांना करकचून बांधलेले. महिनाभर तोंड उघडायचं नाही. गाल भोपळ्याएवढे. सिरिंजनं पेज, अर्धी पोटात, अर्धी गाऊनवर. बोलायचं ते पाटीवर. आईनं तिच्या अंगणवाडीतली एक आणून दिली.
शेजारच्या लताकाकू दारातूनच रडायला लागल्या. "कशानं झालं वं पोरीले?"
आई म्हणाली, "गाडीवरून पडली."
गाडीवरून??

१५ जाने.
पाटीवर लिहिलं: खोटं का सांगितलंस?
"मंग काय सांगू? धडधाकट जबडा कापून घेतला म्हणू? दिसण्यासाठी केलं म्हणतील लोकं."
दिसण्यासाठी! सव्वीस वर्षं समोरच्या दातांनी भाकरीचा तुकडा तोडता आला नाही मला. दात दाताला लागतच नव्हता. शाळेत पोरं म्हणायची, हनुवटी आधी येते, पोरगी मागून. आणि दोन वर्षं दातांना तारा लावून वस्तीभर फिरले, त्या काय पडायची तयारी म्हणून?
एवढं पाटीवर मावत नाही. अर्धं लिहून होतंय तोच आईनं पदरानं पुसलं.

१८ जाने., रवि.
विहाराचा भोंगा. रविवारची वंदना मी सांगते, सहा वर्षं झाली. एकेक ओळ मी म्हणायची, मागून सगळ्यांनी. आज माझ्या जागी आई. पांढरी साडी, आवाज खणखणीत. पलंगावर पडून ऐकत होते. चौथं शील आलं. खोटं बोलणार नाही, हे ते. इतकं स्वच्छ म्हटलं तिनं की मी उशी भिंतीवर भिरकावली. त्या झटक्यात रबरं ताणली गेली, डोळ्यांसमोर काजवे. उशीचं काही बिघडलं नाही.

२१ जाने., बुध.
प्रवीण आला होता. मागच्या गल्लीतला. हिंगण्याला आम्ही एकाच कंपनीत, रोज त्याच्याच गाडीवर मागे बसून जाते. सगळी वस्ती बघते. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो आज! आई नुसतं "गाडीवरून" म्हणाली. कोणाच्या, ते लोकांनी आपापलं लावून घेतलं. आणि आईनं लावू दिलं.
पिशवीभर संत्री आणली होती. काटोलला त्याची सोयरीक जुळत आलीय, संत्री तिकडचीच. लताकाकू बसलेल्याच.
"हळू चालवत जाय ना गा. पोरीचं थोबाड फोडलं तू."
तो हसला. मस्करी वाटली त्याला. मग माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे. आई संत्री टोपलीत लावत होती, जणू तेवढं एकच काम उरलंय जगात.
"येतो," म्हणाला आणि गेला. पाणीही घेतलं नाही.
मी पाटी शोधत होते. पाटी आईच्या मांडीखाली.

२२ जाने.
प्रवीणला मेसेज: मी असं काही सांगितलं नाही.
निळ्या खुणा लगेच. उत्तर संध्याकाळी: "मंग सांग ना सर्वायले खरं."
विहाराच्या ग्रुपवर लिहिलं. पुसलं. परत लिहिलं. पुसलं. लिहायचं तरी काय? माझी आई खोटं बोलली? जी अंगणवाडीत पोरांना खरं बोला म्हणून दटावते ती?
भित्री आहे मी. रबरांच्या नावानं लपतेय.

२९ जाने., गुरु.
प्रवीणची आई आली. बसली नाही, उंबऱ्याबाहेरूनच. "काटोलवाले विचारून राहिले, पोरगा दारू पिऊन गाडी चालवते काय म्हणून. माह्या पोरानं आजवर थेंब नाही घेतला बाई."
दारू! आता दारूही आली.
आई म्हणते, "लोकायचं कायले ऐकता? चहा घ्या." चहा घ्या!! मी हातवारे करत होते, प्रवीणच्या आईला वाटलं मला दुखतंय. "आराम कर बाई," म्हणून निघून गेली.
पाटीभर लिहिलं. आज जाऊन खरं सांग. नाहीतर मी सांगेन. आईच्या नाकासमोर धरली.
या वेळी तिनं पुसली नाही. पूर्ण वाचली. मग म्हणाली, "डॉक्टरनं दोष म्हटलं तुह्या जबड्याले. माह्यासारखाच तर होता. माह्या मायचाबी तसाच. एवढा वाईट होता काय वं?"
आणि पदर हनुवटीवर धरला.
रोज बघते तिचा चेहरा. कधी पाहिलंच नव्हतं म्हणायचं.
वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू. पण राग गेला नाही. वाढला. आता धड रागावताही येत नाही याचा राग. तिच्या हनुवटीची लाज झाकायला प्रवीणचं लग्न मोडायचं का?

५ फेब्रु.
खालचा ओठ अजून बधिर. पेज ओघळते ते मला कळत नाही, दुसऱ्यांनी सांगावं लागतं.
आई आणि मी बोलत नाही. म्हणजे ती बोलत नाही. मी तशीही मुकीच.
काटोलहून निरोप आलाय म्हणे, "एवढ्यात घाई नको." प्रवीणला अजून एकानंही सरळ विचारलेलं नाही, बाबा, काय झालं होतं? सगळ्यांना आधीच माहीत ना!

१३ फेब्रु., शुक्र.
रबरं सुटली. तोंड एक बोट शिरेल एवढंच उघडतं. पहिला शब्द म्हणून शिवी राखून ठेवली होती. निघालं "पाणी".
रिक्षात आईला म्हटलं, "रविवारी वंदना मी सांगणार."
"झेपल काय?"
"झेपेल."
कळलं तिला. घर येईपर्यंत बाहेर बघत बसली.

१५ फेब्रु., रवि., दुपार
गेलो दोघी. लोक खूष, कौतुक चाललेलं. प्रवीण पार मागे, दाराशी. ठरवून गेले होते: वंदना संपली की माईक सोडायचा नाही, सगळं सांगून टाकायचं. वाक्यं पाठ.
ओठ जड, शब्द बोबडे. पण सांगत गेले, मागून सगळे म्हणत गेले. आई पुढच्या रांगेत, अगदी माझ्यासमोर. तीन शीलांपर्यंत तिचा आवाज सगळ्यांच्या वर.
चौथं सांगितलं. सगळे म्हणाले. आई नाही म्हणाली. ओठ मिटलेले, हनुवटी पुढे आलेली, नजर सतरंजीवर. पाचव्यालाही तशीच.
माईक ठेवून दिला मी. पाठ केलेलं एकही वाक्य बोलले नाही. माझाच संताप येतोय.
परत येताना प्रवीणच्या गल्लीपाशी आई थांबली. "तू हो पुढं. मी येतो."
"काय सांगणार आहेस त्यांना?"
"हो म्हटलं ना पुढं."
पाऊण तास झाला. मऊ भात गार झाला. खरं सांगून राहिली की आणखी एखादी गाडी काढली तिनं, तिचं तिला ठाऊक.
ग्रुपवरचा मेसेज लिहून तयार आहे. चार वाजेपर्यंत थांबते. या वेळी पुसणार नाही.