पाटावर न मांडलेल्या सीड्या

मॅडम, तुमच्याबद्दल मी इंटरनेटवर थोडंसं लिहिलं आणि मग ते माझ्या हातात राहिलं नाही. तुम्हाला विचारायला तुम्ही नाही, हे लिहिताना मनात आलं होतं. पण चार ओळी तर आहेत, कोण वाचणार, असं म्हणून मी बटण दाबलं. आता मला न ओळखणारी माणसं त्या चार ओळी मलाच पाठवतात आणि खाली लिहितात, वाचा, डोळ्यांत पाणी येईल.

मी हल्ली यवतमाळला घरूनच काम करते. लांबच्या कंपन्यांच्या संगणकांत कुठून शिरता येईल ते शोधायचं आणि कोणी वाईट माणूस शिरण्याआधी त्यांना कळवायचं, हे माझं काम. आई शेजारणींना सांगते की ही कॉम्प्युटरची कुलपं तपासते, आणि ते बरोबरच आहे. या कामातल्या लोकांचा नेटवर एक कट्टा आहे. तिथे दर थोड्या महिन्यांनी तेच वाद नव्यानं उगवतात. गाण्याची प्रत काढली तर ती चोरी कशी, मूळ गाणं तर जागच्या जागी राहतं. सॉफ्टवेअर आतून सगळ्यांना उघडं असावं का, आणि उघडं असलं तर ते जास्त सुरक्षित की कमी. दोन्ही बाजूंची माणसं हुशार असतात आणि कोणी कोणाचं ऐकत नाही. मी वाचते आणि पुढे जाते. या वेळी एका तरुण मुलानं लिहिलं की छोट्या गावांतल्या ज्या कॉम्प्युटर क्लासवाल्यांनी चोरीच्या सीड्यांवर धंदे केले त्यांना कोणी गुरू म्हणू नये, ते चोर होते आणि आपण चोर आहोत हे त्यांना कळतही नव्हतं. नुसतं चोर म्हणाला असता तर मी पुढे गेले असते. ‘कळतही नव्हतं’ यावर मी अडले.

म्हणून लिहिलं की पुसदला आमच्या एक मॅडम होत्या. दसऱ्याला सगळे कॉम्प्युटर हार घालून पुजले, पण चोरीच्या सीड्या त्यांनी पूजेच्या पाटावर ठेवू दिल्या नाहीत, आणि दिवाळीच्या आत सगळ्या मशिनींवरचं चोरीचं पुसून त्यांवर कोणालाही फुकट वापरता येणारं, ओपन सोर्स सॉफ्टवेअर टाकलं. एवढंच. तुमचं नाव नाही, माझंही नाही. कोणीतरी त्याचं चित्र काढलं. त्यात झेंडूच्या माळा घातलेला कॉम्प्युटर आहे आणि शेजारी नऊवारी नेसलेली, डोक्यामागे तेज असलेली एक बाई आहे. मग अशा सॉफ्टवेअरचं दरवर्षी संमेलन भरवणाऱ्या एका मंडळाचं पत्र आलं. लहान गावांतल्या मुलींसाठी शिष्यवृत्ती सुरू करायची आहे, ती तुमच्या नावानं करू, नाव आणि फोटो पाठवा.

फोटो माझ्याकडे एकच आहे आणि त्यात तुम्ही त्या चित्रातल्या बाईसारख्या दिसत नाही. साडीवर तुमच्या यजमानांचा, भाऊसाहेबांचा जुना शर्ट आहे, कारण कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडलं की धूळ उडायची. मागे ती खोली दिसते, बी-बियाण्यांच्या दुकानाच्या वरची. जिना चढताना फवारणीच्या औषधांचा वास यायचा तो अजून मला कुठल्याही कृषी केंद्रासमोरून जाताना तुमच्याकडे नेतो. दाराबाहेर चपला, आत जुन्या पडद्यांची शिवलेली कव्हरं घातलेले कॉम्प्युटर, आणि कपाटात दिवाळीच्या मिठाईचा पत्र्याचा डबा. डब्यात सॉफ्टवेअरच्या सीड्या. सगळ्या नकला, सगळ्यांवर तुमच्या अक्षरात मार्करनं सिरियल नंबर. इतक्या वेळा टाकलं असेल ते सॉफ्टवेअर आम्ही, की मुली तो नंबर पाढ्यासारखा म्हणायच्या. मला आजही येतो. जे व्हायरस मारायला आणलं होतं तेही नकलीच होतं, आणि एकदा व्हायरस त्यातूनच आला. त्या दिवशी तुम्ही खुर्चीत बसून बराच वेळ हसत होता. फीमध्ये जागेचं भाडं निघत नसे, म्हणून दुपारी तुम्ही गाण्यांच्या सीड्या करून द्यायच्या. लोक चिठ्ठीवर गाणी लिहून आणत, तुम्ही ती कुठून कुठून जमवून एका सीडीवर भरत. त्यात काही वावगं आहे असं गावात कोणालाच वाटत नव्हतं. ते गाणाऱ्याच्या घरापर्यंत कशाला पोचतंय.

पण मला तो दसरा नीट लिहायला हवा, कारण नेटवर मी तो गुळगुळीत करून लिहिला. तुम्ही सकाळीच पाट मांडला आहे. लाल कापड, नारळ, माऊस धुऊन पुसून ओळीनं ठेवलेले. मी मॉनिटरांना हळदीकुंकू लावते आहे. शेवटच्या मशीनवर बसणारी ती मुलगी, बंजाऱ्यांच्या तांड्यावरून एस.टी.नं येणारी, कपाटातून मिठाईचा डबा घेऊन येते आणि पाटावर ठेवायला वाकते. तुमचा हात मध्ये येतो.

“थे नोको ठेवू.”

“काहून मॅडम? सगळं त याच्यावरच चालते.”

“चालते. पन ज्याचं हाय त्यानं थे आपल्याले देल्लं नाही.”

ती मग तिच्या त्या सरळ स्वभावानं म्हणते, “मंग कॉम्प्युटरच्या पोटात बी थेच हाय ना मॅडम. त्याले हार काहून घातला?”

सगळ्या मुली हसतात. मीही हसते. तुम्ही हसत नाही. डबा तिच्या हातातून घेता, बाहेर जिन्याच्या खिडकीत नेऊन ठेवता, आणि परत येऊन त्यातली नव्हे, टेबलावरची एक सीडी पाटावर मांडता. ती तिच्याच याडीच्या, म्हणजे आईच्या, आणि काकूंच्या आवाजातल्या होळीच्या लेंगी गाण्यांची. तिनं घरून कॅसेट आणली होती आणि तांड्यात वाटायला तुमच्याकडून सीड्या करून घेतल्या होत्या. एक प्रत तुम्हाला तिनं आपल्या हातानं दिली होती. तेवढी एकच पाटावर बसली. त्या वर्षी तुम्ही आरती जरा लवकर उरकलीत.

पुढे मशिनी पुसल्या ते खरं आहे. एका मासिकाबरोबर आलेली सीडी तुम्ही जपून ठेवली होती, तिच्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की हिची प्रत काढून कोणालाही द्या. तुम्ही ते वाक्य आम्हाला दोनदा वाचून दाखवलंत. सुट्टीत तुम्ही आणि मी बसून एकेक मशीन बदलली. काही अडलं तर विचारायला गावात कोणी नव्हतं, तरी आम्ही केलं, आणि मला आठवतं की त्या दिवसांत तुम्ही गुणगुणत असायच्या. इथवर मी नेटवर लिहिलं आणि थांबले.

दिवाळीनंतर पोरी कमी होऊ लागल्या. समोरच्या गल्लीत दुसरा क्लास निघाला होता, तिथे ‘खरं’ शिकवत. जे सरकारी सर्टिफिकेट नोकरीला लागायचं, त्याच्या परीक्षेत त्या महागड्या सॉफ्टवेअरचेच प्रश्न असायचे. कुठल्या मेनूत काय आहे ते सुद्धा विचारायचे. मग शेवटच्या मशीनवरच्या त्या मुलीचे वडील आले. धोतर, डोक्याला फेटा, दाराशीच उभे. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. म्हणाले, “मॅडम, तुमचं हे चांगलंच असन. पन परीक्षेत हे येत नाही म्हंते. पोरीचं लगन म्या थांबवून ठेवलं या कागदासाठी. कागद नाही भेटला त मले घरात कोनी बोलू नाही देनार.” आवाज चढवला नाही त्यांनी. उलट जाताना तुम्हाला हात जोडले. तुम्ही खिडकीशी जाऊन ते रस्ता ओलांडेपर्यंत पाहत होता. मग कपाट उघडून मिठाईचा डबा टेबलावर ठेवलात आणि मला म्हणालात, शेवटच्या मशीनपासून सुरू कर.

मी केलं नाही. त्या वयात माझ्याजवळ तत्त्वं भरपूर होती. आपण चांगलं काम करून पुन्हा चोरीकडे चाललो आहोत, असं काहीतरी मी बोलले, आणि बरंच बोलले. तुम्ही मला कधी रागावल्याचं आठवत नाही, तो एक दिवस सोडून.

“तुले नोकरी नाही लागली त तुह्ये बाबा हायेत तहसिलीत. तिले कोन हाय?”

एवढं बोलून तुम्ही स्वतःच शेवटच्या मशीनवर बसलात. नंबर तुम्ही न बघता टाकलात.

ती पास झाली. तिच्यामागे तिच्या तांड्यातल्या आणखी मुली आल्या. क्लास चालला, गाण्यांच्या सीड्याही चालल्या. आणि पुढच्या दसऱ्याला तुम्ही पाट मांडलात, आणि कोणी काही म्हणायच्या आत डबा उचलून जिन्याच्या खिडकीत ठेवून आलात. मी अजून थोडी रुसलेली होते. म्हटलं, वर्षभर वापरायच्या आणि आजच बाहेर ठेवायच्या, याला काय अर्थ आहे. तुम्ही झेंडू ओवत होता, वर न बघता म्हणालात, “वापरा लागते. पूजा त नाही ना करा लागत.” त्यानंतर दरवर्षी तसंच झालं. मी पुण्याला नोकरीला गेल्यावरही तसंच होत होतं, हे मला तिनं सांगितलं. तुमच्या आजारपणातल्या दसऱ्याला डबा बाहेर नेऊन ठेवायला तुम्ही तिलाच सांगितलं होतं.

ती आता घाटंजीला एका कार्यालयात लिपिक आहे. मंडळाचं पत्र आल्यावर मी तिला फोन केला. म्हटलं, मी अर्धीच गोष्ट लिहिली, आणि आता लोक त्या अर्ध्या गोष्टीला मॅडमचं नाव देऊ पाहतात. उरलेली सांगितली तर मॅडमचं नाव खराब होईल. न सांगता नाव दिलं तर ते त्या चित्रातल्या बाईला दिल्यासारखं होईल.

“नाव खराब होईन म्हंते,” ती म्हणाली. “माह्या सर्टिफिकेटवर मॅडमची सही हाय. थे सर्टिफिकेट चोरीचं हाय का वं?”

 कट्ट्यावर असं कोणी विचारत नाही. तिथे सगळे तत्त्वाबद्दल बोलतात, आणि खरं तर तत्त्वाच्या बाजूनं पाहिलं तर उत्तर अवघडच आहे. मग तीच हसली. “सांगून टाक सगळं. अन् त्याईले सांगजो, आमची मॅडम नऊवारीत नाही, भाऊसाहेबाच्या शर्टात फिरे.”

मी सांगून टाकलं. वडील, कागद, डबा, पुढचे दसरे, आणि शर्टही. त्या पहिल्या चार ओळी जितक्या लोकांनी पुढे पाठवल्या होत्या, त्यातल्या फार थोड्यांनी ही गोष्ट शेवटपर्यंत वाचली असावी. एकानं लिहिलं की कथेचा शेवट निराशाजनक आहे. दुसऱ्यानं समजावलं की सरकारनं परीक्षा बदलायला हवी होती, जे खरंच आहे. मंडळाला मी हे सगळं पाठवलं आणि लिहिलं की हे वाचूनही नाव हवं असेल तर आनंदानं देईन. त्यांचं सभ्य उत्तर आलं, समिती विचार करेल. परवा शिष्यवृत्तीची जाहिरात पाहिली. तिला कोणाचंच नाव नाही. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, तसं फारसं वाटलं नाही. तुमचं नाव त्या फोटोमागे लिहिलेलं आहे, तसंच माझ्याकडे राहिलं.

फक्त त्या तरुण मुलानं, ज्याच्यामुळे हे सुरू झालं, खाली एक ओळ लिहिली. “म्हणजे त्यांना कळत होतं.” त्याच्यापुढे पूर्णविराम होता, हसरा चेहरा वगैरे काही नव्हता.  एवढ्यासाठीच मी बोलायला गेले होते.

आता एक राहिलं. मी पुण्याला निघाले तेव्हा तुम्ही मला एक सीडी दिली होती, वर लिहिलं होतं, ‘गाडीत ऐकजो’. तुम्ही जमवलेली गाणी, एकाचेही पैसे कोणी दिलेले नाहीत. सीडी कधीच खराब झाली, पण त्याआधी मी ती गाणी उतरवून घेतली होती, आणि तेव्हापासून प्रत्येक नव्या लॅपटॉपवर ती माझ्याबरोबर आली. हीच गाणी आज कुठेही रीतसर ऐकता येतात. पण तुम्ही लावलेल्या क्रमानं येत नाहीत, आणि तिसऱ्या गाण्याच्या शेवटी जो एक खरखरीत तुकडा आहे तो येत नाही. लोकांची कुलपं तपासून मी पोट भरते आणि हे फोल्डर पुसत नाही. दसऱ्याला लॅपटॉप पाटावर ठेवायच्या आधी मी ते पेनड्राइव्हवर काढते आणि पेनड्राइव्ह स्वयंपाकघरात चहाच्या डब्यामागे ठेवते. आई विचारते, हे काय गं, मी म्हणते, गाणी. पूजा झाली की चहा टाकायला जाते आणि येताना तो घेऊन येते.

हे पत्रही मी त्याच फोल्डरमध्ये ठेवते आहे.