क्लच न उघडण्याची शपथ

७ जाने., मंगळ.

डोळा वाचला. आधी हे लिहितो, बाकी नंतर.

वाशीमच्या डॉक्टरांनी दादाच्या डोळ्यात टॉर्च मारली. वर बघा, खाली बघा, बोटं किती. दादा म्हणाला, "तुमची तीन, माही पाच." भुवईवर टाके, नजर शाबूत. बोटभर खाली लागलं असतं तर, एवढंच डॉक्टर म्हणाले. पुढचं बोलले नाहीत, त्याबद्दल त्यांचे उपकार. परत निघालो. वाटेतलं मालेगाव आलं तेव्हा लक्षात आलं, मी मघापासून दादाचं मनगट धरून बसलोय. सोडलं.

८ जाने.

झालं असं. दादाच्या गॅरेजात बिनगियरच्या गाडीचा मागचा क्लच उघडायची एकच पद्धत आहे, आणि ती पद्धत म्हणजे मी. क्लचपुलीत ताठ स्प्रिंग दाबून बसवलेली, वर एक मोठा नट. नट काढताना कोणीतरी वरून दाबून धरायचं, नाहीतर स्प्रिंग उडते. दादा क्लचवर फळी ठेवतो, "बस" म्हणतो, मी बसतो. नव्वदीपार वजन आहे. ज्यु. कॉलेजात मराठी शिकवतो, दिवाळी अंकांत विनोदी लिहितो. पण गावाला माझा खरा उपयोग हाच.

सोमवारी फळी उभी चिरली. मी एकीकडे, फळी दुसरीकडे, स्प्रिंग दादाच्या तोंडावर.

आज दिवसभर पाहुणे. प्रत्येकाजवळ डोळा गेलेल्या एका तरी माणसाची गोष्ट. दादाला पट्टी बांधलेली, त्यामुळे त्याला पळताही येईना.

९ जाने.

वहिनीने शपथ घातली. दादाचा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"म्हना. क्लच उघडनार नाई."

"अवं, पन..."

"म्हना."

म्हणाला.

दादा देवाला जेमतेम मानतो, शपथेला पक्कं. आणि ज्यानं घातली त्यानंच "सुटली" म्हटल्याशिवाय शपथ सुटत नाही. आईने लहानपणी त्याला विहिरीत न उतरण्याची घातली होती. सुटली म्हणायचं राहूनच गेलं, आई गेली. पन्नाशी उलटली तरी दादा विहिरीत पाय घालत नाही.

आता रस्त्यावर निम्म्या गाड्या बिनगियरच्या. क्लच नाही म्हणजे दादाने हवा भरत बसायचं. आणि अंगणवाडीच्या कुसुमताईंचा क्लच, तोच सोमवारचा, सुटा होऊन पडलाय. त्या रोज येऊन बघून जातात. रागावत नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

११ जाने., शनि.

दादाला म्हटलं, माणूस बसवण्यापेक्षा लोखंड बसवू. दाबायचं यंत्र आपणच करू.

"इतकी वर्सं बसून राह्यला, तवा नाई सुचलं?"

"तवा बसून सुचत नव्हतं."

तपासायच्या पेपरामागे चित्र काढलं. चौकट, मधोमध स्क्रूसारखा आट्यांचा रॉड, वर फिरवायला दांडा. दांडा फिरला की रॉड खाली, क्लच दबला. दादाने बराच वेळ पाहिलं. मला वाटलं होतं 'शपथ हाय' म्हणेल. तसं म्हणाला नाही. पण उठलाही नाही. शपथ वहिनीची, भीती त्याचीही. शपथेआड जरा आरामात बसलाय, हे मला दिसलं. बोललो नाही. (हा माझा या वर्षातला पहिला संयम.)

१२ जाने.

लोखंडी पट्टी घरचीच, ट्रॉलीच्या मोडक्या फाळक्याची. रॉडसाठी वाशीमला हार्डवेअरच्या दुकानात फोन. तिकडे नवा माणूस, राजस्थानकडचा.

"आटेवाला रॉड है क्या?"

"आटा किराने में मिलेगा, भैया."

"अरे आटा नही, आटे! आटे!"

"कितना किलो?"

दादाने फोन हिसकला. "चूडीवाला रॉड." ते त्याला कळलं. वहिनी आतून म्हणाली, "आता बांगड्या पाठोईन तो." शपथ घातल्यापासूनचं तिचं पहिलं वाक्य, गॅरेजच्या दिशेनं.

१३ जाने.

झालं यंत्र. वेल्डिंग दादाचं, कल्पना माझी. हलवून पाहिलं, लाथ मारून पाहिलं, मी बसूनही पाहिलं. हत्ती दाबेल असं. खाली भंगारातला, स्प्रिंग नसलेला क्लच ठेवला, रॉड बरोबर नटावर येऊन टेकला. दादाने पाना उचलला.

पाना घालायला जागाच नाही. नटावर रॉड बसलेला.

मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. एवढी वर्षं क्लच उघडणारा एक आणि त्यावर बसणारा एक, दोघांच्याही ध्यानात आलं नाही. दादा भुवई धरून हसला. टाके ओढले जातात म्हणे. हसू दे. आठवड्यात पहिल्यांदा हसला.

१४ जाने., संक्रांत

वहिनीने तिळगूळ दिला. "गोड बोला म्हनत नाई, तुमाले अवघड जाईन."

१६ जाने.

दुसरं यंत्र. मधला रॉड काढला, दोन बाजूंना दोन. वरच्या पट्टीला मधोमध मोठं भोक, पाना तिथून. दोन्हीकडचे नट सारखे फिरवायचे, इकडे अर्धा फेरा, तिकडे अर्धा. एकीकडे जास्त झालं की पट्टी तिरपी होते. चार वेळा तिरपी झाली. दादाने दिलेल्या शिव्या लिहीत नाही, काही माझ्याही होत्या.

संध्याकाळी वहिनीपुढे मुद्दा मांडला. शपथ क्लच न उघडायची आहे. कुसुमताईंचा क्लच तर उघडाच पडलाय. तो बंद करायला कुठे मनाई आहे?

"शब्दाचे खेळ तुमच्या कॉलेजात करा, भाऊजी."

मग थोड्या वेळाने, भांडी लावता लावता: "बंद करा. पन म्या पाह्यत उभी राहीन."

१७ जाने.

बंद झाला. स्प्रिंग आवाज न करता खाली गेली, नट बसला, कोणी उडालं नाही, कोणी पडलं नाही. दादाने सगळं काम मान एका बाजूला वळवून केलं, जणू क्लच उघडानागडा नाचतोय. वहिनी दारात. संपल्यावर आत गेली. मला इतकं हलकं वाटलं की दोन वाट्या भात जास्त खाल्ला. गाडी परवा द्यायची.

१९ जाने., रवि.

वहिनीचं हळदीकुंकू. तिळाची परात काढली तर परातीच्या काठाखाली काळं प्लॅस्टिकचं कडं चिकटलेलं. दादाने परवा सुटे भाग तिच्याच परातीत ठेवले होते.

"हे कोनाचं?"

दादाने पाहिलं आणि खालीच बसला. स्प्रिंगच्या बुडाशी बसणारं कडं. आत घालायचं राहिलं.

"त्याच्याबिना चालते का?"

"चालते. दहा-पंधरा दिवस. मग स्प्रिंग पुली खाते."

कुसुमताई त्या गाडीवर गावोगाव फिरतात, आडरानातून. दादा एवढंच म्हणाला, "उघडाव लागते." विचारलं नाही. मीही नाही. वहिनीने कडं पुसलं, खिडकीत ठेवलं, आणि बायकांना कुंकू लावायला गेली. न दाखवता चुलीत टाकता आलं असतं तिला. कोणाला कळलंही नसतं.

२० जाने., सोम.

कॉलेजातून सरळ गॅरेजात. दादा गाडीसमोर नुसता बसलेला. वहिनी पदर खोचून बाहेर आली. वेल्डिंगचा चष्मा त्याच्या डोळ्यांवर स्वतः चढवला.

"दिसून नाई राह्यलं काई."

"काच पुसा. काहाडू नोका."

मग दुसरा पाना उचलला. "भाऊजी, तुमी तिकडं बसा. तिकडं म्हंजे रस्त्यापलीकडं."

बसलो. पलीकडून जे दिसलं ते: क्लच यंत्रात. वरच्या भोकातून दादाने मोठा नट काढला. मग दोघं समोरासमोर, मधे ती स्प्रिंग.

"अर्धा," दादा.

"अर्धा," वहिनी.

"हळू."

"तुमी हळू. माहं बरोबर हाय."

"अर्धा."

"अर्धा."

एक ट्रक गेला, तेवढं दिसलं नाही. ट्रक सरला तेव्हा पट्टी वर आली होती, स्प्रिंग मोकळी, ताठ उभी. दादाची मान सरळ होती. वहिनीने पाना खाली ठेवला, कपाळावरचा घाम दंडाने पुसला आणि म्हणाली, "सुटली."

आत गेली.

२१ जाने.

कडं बसलं, क्लच बंद झाला, कुसुमताई गाडी घेऊन गेल्या. चढावर आवाज नाही म्हणाल्या. दादाचे टाके निघाले. भुवईत एक रेघ राहिली, केस येणार नाहीत तिथे. दादा आरशात पाहून म्हणाला, "गुंडा दिसतो." दिसत नाही. पण त्याला बरं वाटत असेल तर दिसू दे.

२३ जाने.

आज एक गाडी आली, चढावर ओढत नाही म्हणे. क्लचच असणार. दादा गिऱ्हाइकाला "ठेवून जा" म्हणाला. "करून देतो" म्हणाला नाही.

मग मला बाजूला घेतलं. "त्या दिवशी ते 'सुटली' स्प्रिंगले म्हनली का शपतेले?"

मी मराठीचा मास्तर. स्प्रिंगही सुटते, शपथही सुटते, दोन्ही स्त्रीलिंगी; वाक्यात कर्ता नव्हता. एवढं सांगितलं.

"मंग इचार ना तिले."

"तू इचार. बायको तुही हाय."

"तू इचार. तुले भाषा येते."

कोणीच विचारलं नाही. वहिनी दोनदा दारात येऊन गेली, गाडी पाहिली. जेवायला बसलो तेव्हा पाठीमागे खणखण झाली. वळून पाहिलं. दादाने यंत्र बाकावर चढवलं होतं आणि शेजारी पाने मांडले होते. दोन. एक आपल्या बाजूला, दांडा आपल्याकडे. दुसरा समोरच्या बाजूला, दांडा स्वयंपाकघराकडे.

मग हात धुऊन आला आणि निमूट जेवायला बसला. वहिनी वाढत होती. तिला बाक दिसत होता.