एक चाक उचललं तर

९ नोव्हेंबर, रविवार

माफ कर, वही. मार्चनंतर तुला हात लावला नाही. हनुमंत गॅरेजच्या माळ्यावरून पडले, उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं, मग दवाखाना, शाळा, घर — लिहिण्यासारखं होतं तेव्हा लिहवलं नाही. (तोंडानं मी त्यांना 'अहो'च म्हणते. 'हनुमंत' फक्त इथे.)

खांदा आता बरा आहे, असं सगळे म्हणतात. ते स्वतः काहीच म्हणत नाहीत. भाकरी डाव्या हातानं मोडतात.

आज जेवताना एकदम म्हणाले, "एस्टीमला एलएसडी बसवायचं." एस्टीम ही त्यांची शर्यतीची गाडी, एलएसडी हा चाकांना जोर वाटून देणारा भाग. जानेवारीत पुण्याजवळ ऑटोक्रॉस आहे — मातीच्या मैदानावर शंकू मांडतात, एकेक गाडी सोडतात, घड्याळ लावतात. नऊ वर्षं ते उतरत आलेत. मी म्हटलं, "या वर्षी?" तर म्हणे, "वळणावर आतलं चाक नुसतंच फिरतंय. अडीच सेकंद तिथंच सांडत्यात."

हे मलाही माहीत आहे. उन्हाळ्यापासून दर रविवारी गाडी मीच फिरवते, बॅटरी बसू नये म्हणून. नदीकडच्या पडीक रानात, ऑइलच्या डब्यांना वळसे घालत. ते शेजारी बसून मोबाइलवर वेळ लावतात. गाडीची तब्येत कळते म्हणे! सीट अजून त्यांच्याच मापावर आहे. मी पाठीला उशी लावते. सीट पुढे घ्यायला मन धजत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

शाळा सुटल्यावर गॅरेजात गेले. माहिती सगळी इंग्रजीत. "तू वाच आन् मला सांग. तू सांगशील त्ये खरं."

इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणारा साधा डिफरन्शियल भोळा असतो. जे चाक घसरतं त्यालाच इंजिनाचा सगळा जोर देऊन बसतो, मातीला धरून असलेलं चाक उपाशी. एलएसडी, म्हणजे लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल, त्याला आवर घालतं. त्यात दोन प्रकार. गिअरवालं — मऊ चालतं, देखभाल जवळजवळ नाही. प्लेटवालं — पकड जबर, पण स्टिअरिंग हातातून ओढून घेतं, झटके देतं.

झटके! डॉक्टरांचं एकच वाक्य डोक्यात बसलंय — खांद्याला झटका बसू देऊ नका.

घरी येऊन मराठीत तक्ता केला. दोन रकाने, पाच ओळी. मूळ मजकुरात सहा होत्या. सहावी अशी: वळताना आतलं चाक जमिनीवरून उचललं गेलं, तर गिअरवालं निकामी ठरतं, प्लेटवालं काम करत राहतं.

आमची एस्टीम ते चाक दर वळणाला उचलते.

१३ नोव्हेंबर

तक्ता दिला. "म्हंजी गिअरवालंच की," म्हणाले, आणि घडी करून खिशात ठेवला. मी मान हलवली. नववीच्या मुलांना प्रयोगाच्या तासाला मी काय सांगते? न जुळणारं रीडिंग खोडायचं नाही!

१६ नोव्हेंबर, रविवार

आबा — माझे सासरे — डब्यांपाशी येऊन बसले होते. अर्धा जन्म मेंढरांमागं गेला, उरलेला ट्रॅक्टरवर.

"काय नवीन बसवताय म्हनं?"

हनुमंतांनी सांगितलं.

"म्हंजी ट्रॅक्टरचा डिफ-लॉकच की."

"त्यो पार जाम करतो, आबा. ह्ये गरजेपुरतंच धरतं."

"मग वेल्डिंग मार आन् टाक दोन्ही चाकं जोडून. कशाला एवढा घोळ?"

"आन् वळायचं कसं?"

"तुला वळायचंय कशाला? सरळ जा, सरळ घरी ये!"

खूप हसलो. मग आबा म्हणाले, "आमच्या कळपात बी आसंच व्हायचं. उधळलेल्या एका मेंढराच्या मागं सगळी कुत्री, आन् गुमान चालणाऱ्याला कोण न्हाई." एवढ्यात त्यांना मुद्द्याचं सुचलं. "सुषमा, बांधावर एक चाक वर उचललं, तर चालंल का गं ह्ये तू शोधलेलं?"

मी चष्मा काढला, पदराला पुसला.

"चालतं, आबा."

त्या माणसानं आयुष्यात शाळा पाहिली नाही, आणि नेमकी सहावी ओळ विचारली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

शनिवारी कोइमतूरच्या कारखान्याला ऑर्डर सांगायची. ते लोक मागणीप्रमाणे बनवतात, एकदा केलं की परत घेत नाहीत. खांदा त्यांचा, निवडही त्यांचीच — मी कोण ठरवणार? पण बायको नाही ठरवणार तर कोण? दोन्ही वाक्यं खरी वाटतात, तिथंच घोटाळा आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सांगून टाकलं.

ते गाडीखाली होते, नुसते पाय दिसत होते. तोंड दिसत नव्हतं म्हणूनच जमलं. "अहो, तक्त्यात सहावी ओळ होती. चाक उचललं की गिअरवालं चालत नाही. मी गाळली. तुमच्या खांद्यासाठी."

पाना थांबला. मग गाडीखालून — "म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"आबांपुढं चष्मा पुसलास तवापासनं. खोटं बोलायच्या आधी पुसतीस तू. मग कोइमतूरला फोन लावला. त्यानं समदं सांगितलं हिंदीत."

"मग बोलला का नाहीत?"

"तू कवा बोलतीस बघत हुतो. चौदाचा पाना दे."

दिला. डाव्या हातानं घेतला. "मग कुठलं सांगितलं?" विचारलं तर म्हणाले, "आल्यावर बग."

रागावले असते तर बरं झालं असतं.

६ डिसेंबर, शनिवार

काल त्यांनी घरातून माझी पुरणाची परात नेली होती. आज गॅरेजात पाहते तर परातीत तेल, आणि तेलात भिजत घातलेल्या गोल पोलादी प्लेटा! प्लेटवालं!

"खांद्याचा काही विचार केलात का?" मी ओरडलेच.

"केलाय."

एवढंच. आणि हसले! त्यांचे जोडीदार मिस्त्री शोएबभाई गिअरबॉक्स उतरवत होते. म्हणाले, "वैनी, मालक आता नुसतं तोंडानं काम करत्यात. आमचा खांदा गेला त्येंच्यापायी." मला हसू येईना. तशीच बाहेर आले. मी खरं सांगितलं, त्याचं हे फळ? तो झटका आता मीच त्यांच्या हातात दिला.

७ डिसेंबर, रविवार

परात आणायला गेले. परातीखाली ऑटोक्रॉसचा फॉर्म, माझ्या सहीची जागा मोकळी. त्यांच्या वाकड्या अक्षरात — चालक: सौ. सुषमा हनुमंत कोळपे.

सोबत माझ्या सगळ्या रविवारच्या वेळा, तारखेवार. आणि माझा तो तक्ता. पाच ओळींखाली त्यांनी सहावी लिहिली होती: 'हिचे खांदे चांगले हायेत.'

मला न विचारता! मी तरी कुठं विचारलं होतं.

सही केली.

उद्या: सीट दोन खाचा पुढे घेणे.