उष्टा श्वास

४ मार्च
आज अग्निशमन केंद्रात रुजू झाले. धाकटा भाऊ इथेच जवान आहे, त्यामुळे परकं वाटलं नाही. माझं काम म्हणजे आगीहून परतलेले श्वसनाचे मुखवटे धुणं. मुखवटे सामायिक, ज्याच्या हाती जो येईल तो त्याचा. आधी म्हणे नुसते फडक्याने पुसायचे! कोणाच्या उष्ट्या कपाला ओठ न लावणारे हे लोक दुसऱ्याच्या थुंकीत, काजळीत खुशाल नाक खुपसत होते. मी झडप सुटी करून साबणपाण्यात घासते, वाळवते, मग स्वतःच्या चेहऱ्याला लावून श्वास ओढते. रबर गालाला घट्ट चिकटलं की मुखवटा पास. पोरांनी माझं नाव सोवळ्याबाई ठेवलंय. ठेवोत बापडे.

६ मार्च
खुंटीवर एक मुखवटा वेगळाच लटकलाय, काजळीने माखलेला. तो पैलवान म्हणायचे त्या जुन्या जवानाचा. धाकट्याने सांगितलं, एका आगीत पैलवानाची हवा संपली तेव्हा त्याने जोडीदाराचा मुखवटा ओरबाडला, त्याचा गळा आवळला. दोघंही गेले. तेव्हापासून त्या मुखवट्याला कोणी हात लावत नाही. मला हसूच आलं. आज सगळ्यात आधी तोच धुतला आणि लावून पाहिला. आत अजून जळक्या केसांचा वास होता. मग बाकीचे तपासले.

९ मार्च
गोदामाची आग. मिशीवाल्याने शेजारच्याचा मुखवटा उपटला, कुऱ्हाडीच्या दांड्याने त्याचा जबडा फोडला. साहेब म्हणतात, घाबरला असेल. मला वाटलं, पैलवानाचा मुखवटा त्याच्याकडे गेला असेल. पण तो खुंटीवरच होता.

११ मार्च
पुन्हा आग. एकाने दुसऱ्याचा डोळा बोटांनी उकरला. एकाने गळ्याला चावा घेतला, सोडेचना. मुखवट्यांत रक्त थिजलंय, दात अडकलेत. मीच घासतेय. मुखवटे सगळे वेगळे. मग हे कसं—

१२ मार्च
कळलं.
साबण रबरापर्यंत पोचतो. माझ्या छातीपर्यंत नाही.
धुतल्यावर प्रत्येकात मी श्वास घेतला, सोडला. त्यानंतर धुतला कुठे? आधी पैलवानाचा, मग सगळ्यांचे— उष्टं माझंच.
धाकट्याला फोन केला. मुखवटा घालू नकोस म्हटलं, शपथ घातली. ऐकलं त्याने. देवा, ऐकलं.

१३ मार्च
हवा पुरत नाही. खिडक्या सताड उघड्या, तरी—
धाकटा दाराशी आलाय.
"ताई, दार उघड गं. मी घातलाच नाही, मी बरा आहे."
बरा आहे. किती सहज श्वास घेतोय, इथवर ऐकू येतंय. एवढी हवा एकट्याला कशाला लागते—
नको. पळ म्हणायचंय त्याला. ओरडायचंय. पण डावा हात कडीवर गेलाय आणि