कड्यावरच्या खुंट्या

दि. ४ मार्च

प्रिय सखी,

सप्रेम नमस्कार. माझे वडील आईला पत्राच्या आरंभी आशीर्वाद लिहीत असत. ती रीत मला कधी उचलता आली नाही, कारण आपल्या घरात कोणी कोणाला आशीर्वाद द्यायचे हे अद्याप ठरलेले नाही. तेव्हा नमस्कारच बरा.

तुझ्या खुब्याचे टाके निघाले आणि तू काठीच्या आधाराने गॅलरीपर्यंत जाऊ लागलीस, हे मुलीकडून कळले. समाधान वाटले. फोन असताना पत्र कशाला, असे तू परवा विचारलेस. ‘पत्र लिहिता की परिपत्रक?’ असेही विचारलेस. कारण असे की, फोनवर तू आवाज मोठा करून ठेवतेस आणि आपले बोलणे जावई, नात आणि दाराशी आलेला भाजीवाला अशा सर्वांस ऐकू जाते. शिवाय बोललेले वाक्य मागे घेता येत नाही. कागदावर ते खोडता येते.

इकडे सर्व ठीक आहे. छत गळत नाही. कपड्यांची दोरी मी घराच्या थोडी जवळ आणली आहे. ओले कपडे घेऊन तुला तेवढेच कमी चालावे लागेल. मागच्या अंगणातील बाकही उचलून भिंतीशी ठेवला आहे. तिथे ऊन अधिक मिळते.

गेल्या आठवड्यात पालिकेत आपल्या कड्याच्या आराखड्याची सभा झाली. दरवर्षी कड्याची माती सरोवरात ढासळते. आणि खालच्या वस्तीतील लोकांना पाण्यापर्यंत जायला एकही वाट नाही, कारण माथ्यावरची सारी जमीन आपल्यासारख्या घरवाल्यांची. या दोन दुखण्यांवर मिळून एक उपाय काढायचा आहे. पायथ्याशी मोठे दगड, उतारावर खोल मुळांची झुडपे, माथ्यावर पायवाट आणि एका ठिकाणी सर्वांसाठी जिना. जिना कोठे, ते ठरायचे आहे. कल्पना मला मान्य आहे. सरोवर कोणा एकट्याचे नाही. मसुद्याची भाषा मात्र मान्य नाही. पहिल्याच पानावर क्रियापद कर्त्याशी भांडत होते. मी सगळा मसुदा लाल शाईने तपासून परत दिला. नियोजन अधिकारी म्हणाले, “आजोबा, भाषा राहू द्या, कड्याचं बोला.” त्यावर शेजारचे कप्तान मागच्या रांगेतून गरजले, “काना-मात्रा, आधी कडा वाचव, मग वेलांटी!” मुद्रणालयात मुद्रिते तपासताना मला मिळालेले टोपणनाव त्यांच्या कृपेने आता सभेच्या इतिवृत्तातही गेले असेल. लाँचवर तीस वर्षे भोंगा वाजवलेला माणूस. हळू बोलणे त्यांना ठाऊकच नाही.

एक नियमही वाचून दाखवण्यात आला. कड घराच्या भिंतीपासून दहा मीटरांच्या आत आली, तर घर राहण्यास अयोग्य ठरते आणि ते रिकामे करावे लागते. ही नोंद ठेवण्यासाठीच प्रत्येक घरामागे ती पांढरी खुंटी ठोकलेली आहे. खुंटी घरापासून किती दूर आहे ते पालिकेच्या दप्तरी आहे. खुंटीपासून कडेपर्यंत फीत धरून ते अंतर तेवढे आपण दरमहा कळवायचे.

तू काळजी करशील म्हणून लिहितो. आपल्या खुंटीपासून कडेपर्यंतचे अंतर हिवाळ्याच्या आरंभी होते तेवढेच आहे. हे वाक्य मुलीलाही वाचून दाखव.

नातीला पापा. जावईबापूंना नमस्कार.

तुझा,
घर राखणारा


दि. २ एप्रिल

प्रिय सखी,

तुझा फोन झाल्यावर लगेच लिहायला बसलो आहे. फोनवर मी गप्प का होतो, असे तू विचारलेस. गप्प नव्हतो, ऐकत होतो.

जिना आपल्या अंगणातून उतरणार, ही बातमी तुला मुलीने माझ्या आधी सांगितली. तुला आनंद झाला. ‘म्हणजे सगळ्या कड्यात आपलीच जागा घट्ट! मी म्हणतच होते,’ असे तू तीनदा म्हणालीस आणि मागून जावईबापूंनी टाळी वाजवल्याचे मला ऐकू आले. आराखड्यात तसेच आहे. सर्व घरांच्या नोंदी तपासून पाहता ज्या ठिकाणी कड मुळीच सरकलेली नाही, अशी जागा एकच निघाली. म्हणून जिन्याचा माथा तेथे.

मोजणी खात्याची मुलगी खुणा करायला आली होती. तिशीची असेल, पण आपल्या वयाला ती मुलगीच. मी तिला चहा दिला. ती म्हणाली, “तुमच्या खुंटीची मला काळजीच नव्हती, आजोबा. बाकी सगळीकडे जाऊन फेरमोजणी केली. तुम्ही एक अनुस्वार इकडचा तिकडे होऊ देत नाही, तुमचं काय तपासायचं?” चहा तिने आवडीने घेतला. साखर जास्त झाली होती, हे मला नंतर कळले.

कप्तान माझ्याशी बोलत नाहीत. त्यांची नोंद सांगते की त्यांच्या घरामागची कड हिवाळ्यात बरीच आत आली. आणि एका कुंपणापलीकडे आपली जमीन जागची हललेली नाही. तेव्हा पायथ्याला फुकट दगड मिळावेत म्हणून कप्तान आकडे फुगवतात, असे अधिकारी सभेत उघड नसले तरी पुरेसे स्पष्ट बोलले. लोक हसले. कप्तान उभे राहिले, माझ्याकडे पाहिले आणि निघून गेले. त्यांचे आकडे आणि माझे आकडे जुळत नाहीत, एवढेच यातून म्हणता येईल.

डॉक्टरांनी महिनाअखेर प्रवासाला परवानगी दिली, हे उत्तम. परंतु तू घाई करू नयेस असे मला वाटते. या दिवसांत वारा फार आहे. मागचे अंगण खुणांच्या दोऱ्यांनी भरलेले आहे, पाय अडकायचा. आणखी महिनाभर मुलीकडे राहिलीस तर नातीलाही बरे वाटेल. तू म्हणशील, ‘मला टाळता की काय?’ तसे नाही. तसे कधीच नव्हते.

काल नव्या मसुद्याचे एक पान दोनदा तपासूनही त्यात चूक राहिली. डोळे दाखवायला हवेत.

तुझा,
नेहमीचा


दि. १९ एप्रिल

प्रिय सखी,

हे पत्र तू एकटीने वाच. मग वाटल्यास मुलीला दे.

मंगळवारी सकाळी शाळेचा एक वर्ग कडा पाहायला आला होता. जिना पुढे हीच मुले वापरणार, तेव्हा त्यांनाही जागा दाखवावी आणि त्यांचे मत घ्यावे, ही सूचना त्यांच्याबरोबर आलेल्या मोजणीच्या मुलीची. सूचना चांगलीच होती. नकाशावर आपले अंगण हिरवे आहे. हिरवे म्हणजे उभे राहण्यास सुरक्षित. वर्गाच्या बाईंना छायाचित्र काढायचे होते. त्यांनी मुलांना सरोवराकडे पाठ करून ओळीने उभे केले. “थोडं मागं सरका रे, तळं येऊ दे पाठीमागं,” बाई सांगत होत्या, आणि मुले हसत, एकमेकांना ढकलत, पाठमोरी मागे सरकत होती.

मी स्वयंपाकघराच्या दारात होतो. मुले जिथवर पोहोचली होती, तिथे गवताखाली एक भेग आहे. कडेला समांतर, या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत. मला ती ठाऊक आहे, कारण फेब्रुवारीत मीच ती माती भरून बुजवली आणि वर गवताची ढेकळे बसवली.

मी ओरडलो, “पुढे या सगळे! तिथे गांधीलमाश्यांचे पोळे आहे.” मुले पळत घरापाशी आली. एक मुलगी रडू लागली. तिला पूर्वी माशी चावली होती म्हणे. मोजणीची मुलगी मात्र तेथेच वाकून पाहत राहिली.

“कुठंय पोळं, आजोबा?”

“तू आधी पुढे ये.”

“अहो, पण कुठंय? मला तर काही दिसत नाही.”

“पोळे नाही,” मी म्हणालो. “भेग आहे. पुढे ये, बाळ.”

नंतर तिला जे सांगितले तेच आता तुला सांगतो. तुला रुग्णालयात नेले, त्याच्या पुढच्याच आठवड्यात वादळ झाले आणि लाटांनी पायथा इतका खाल्ला की वरची जमीन एका सकाळीत खाली गेली. कपड्यांच्या दोरीचा खांब तिच्याबरोबर गेला. बाकही जाणार होता. तो मी ओढून आणला. मग खुंटीपाशी बसून फीत धरली. जे अंतर आले ते कळवले असते, तर घर त्याच महिन्यात रिकामे करावे लागले असते. आणि रुग्णवाहिकेत चढवताना तू माझा हात धरून म्हणाली होतीस, “मी परत येईन ती याच घरात. दुसरीकडे कुठं नेलंत, तर मी बरीच व्हायची नाही.”

खोटा आकडा लिहिणे मला जमेना. कागद पुढे ओढला, दूर सारला. शेवटी मी उठलो, खुंटी उपटली, घराच्या बाजूला आत नेऊन ठोकली, पुन्हा फीत धरली आणि आलेला आकडा अचूक लिहिला. मार्चमध्ये आणखी माती गेली, तेव्हा पुन्हा तेच केले. आपण लिहिलेला आकडा खरा आहे, अशी मी स्वतःची समजूत घालत असे. तुला पत्रात लिहिले तेही याच हिशेबाने खरे होते. यापेक्षा सरळ खोटे बोललो असतो, तर निदान ते मला ओळखता आले असते.

मोजणीच्या मुलीने हातातला नकाशा मिटला. मग एवढेच म्हणाली, “म्हणजे कप्तानकाका खरं सांगत होते.” मला लागेल असा एक शब्दही ती बोलली नाही. निघताना चहा विचारला, नको म्हणाली.

मी कप्तानांकडे गेलो. त्यांनी दार अर्धेच उघडले. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “लबाड मी ठरलो. भरसभेत. आणि तू लाल शाई घेऊन पुढच्या रांगेत बसलेलास.”

“क्षमा मागायला आलो आहे.”

“सभेत माग. इथं माझ्या पायपुसण्यावर नको.”

गुरुवारी सभेत मी उभा राहिलो. लिहून नेलेला कागद खिशातच राहिला, कारण त्यातील वाक्ये फार चांगली होती. मी खुंटी हलवली, कप्तानांचे आकडे बरोबर आहेत, माझे काढून टाका, जिना तेथे बांधू नका, एवढे बोललो. कोणी हसले नाही. मागे एक बाई शेजारणीला म्हणाल्या, “माझा धाकटा होता गं त्या ओळीत.” त्या हळूच बोलल्या, तरी मला ऐकू आले. बसताना खुर्ची कोठे आहे ते मला क्षणभर कळले नाही.

आता झाले आहे ते असे. जिना पंपघराच्या पलीकडे, उतार मंद आहे तेथे जाईल. दगडांचे काम कप्तानांच्या पायथ्यापासून सुरू होईल. आपल्यासाठी दगडांचा उपयोग नाही. अधिकाऱ्यांनी मला बाजूला घेऊन, लहान मुलाशी बोलावे तशा सौम्य आवाजात ते समजावले. वरचीच जमीन सुटली आहे. घर महिनाअखेर रिकामे करायचे आहे. घरात काही खोट नाही, सखी. एका भिंतीला चरा नाही, दारे अजून हलक्या हाताने लागतात. खाली जमीन नाही, एवढेच.

काल फेरमोजणी झाली. मोजणीच्या मुलीच्या फितीचे दुसरे टोक धरायला कोणी नव्हते. कप्तान कुंपण ओलांडून आले, टोक उचलले आणि मला म्हणाले, “तू भिंतीशी धर. ताठ धर, काना-मात्रा, आज तरी.” सात मीटरही पूर्ण भरले नाहीत. त्यांनी आकडा मोठ्याने वाचला, मग फीत गुंडाळून दिली आणि घरी गेले. पुढे कधी बोलतील की नाही, मला ठाऊक नाही.

वाचनालयामागे तळमजल्यावर दोन खोल्या पाहून आलो. दाराला पायरी नाही. न्हाणीघरात धरायला कठडा बसवता येईल. सरोवर दिसत नाही. खिडकीसमोर सायकल दुरुस्तीचे दुकान आहे आणि दुकानदार दिवसभर शीळ घालतो, तीही बेसूर. घरमालकीणबाई किल्ली देऊ लागल्या. मी ती घेतली नाही. बायकोला विचारले पाहिजे, असे म्हणालो. “मग विचारा की,” त्या म्हणाल्या. “शनिवारपर्यंत थांबते. त्यात काय एवढं?”

त्यात काय एवढे, हे मला जानेवारीत कळायला हवे होते. तू रागावली असतीस. कदाचित जेवण सोडून दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिली असतीस, आणि मला ते पाहवले नसते. पण घर तुझेही होते आणि ते गेल्याचे दुःखही तुझेच होते. ते मी तुला न विचारता स्वतःपाशी ठेवले, आणि त्याला तुझी काळजी असे नाव दिले. त्या काळजीपायी दुसऱ्यांची मुले मी त्या भेगेवर उभी राहू दिली.

तू मुलीकडेच राहायचे ठरवलेस, तर मी त्या खोल्यांत एकटा राहीन. मला तिकडे बोलावलेस, तर येईन. या खोल्या चालतील म्हणालीस, तर कठडा बसवून घेतो. तुझ्या बाजूने मी यापुढे काहीही गृहीत धरणार नाही. तू मला क्षमा करशील, हेही नाही.

शनिवारच्या आत कळव.

ज्याच्या शब्दावर तू आजवर विसंबलीस,
तो