मेंबरांची वही

गुरुजी, काल इथे सौदीत, यान्बूला, प्लांटच्या गेटवर शेडचे खांब उभे राहिले आणि तुम्हाला सांगावंसं वाटलं. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली, हे ठाऊक असूनही. बस येईपर्यंत आम्ही रोज उन्हात उभे. दर गुरुवारच्या मीटिंगमध्ये मी उठून विचारायचो, "सर, शेड कब बनेगा?" फोरमन म्हणायचा, "देखेंगे." मी खाली बसायचो. शेजारचा राजापूरचा वेल्डर कोपर मारायचा, "काय मेंबर, पुढच्या गुरुवारी पण हेच काय?" हेच.

ही रीत तुमच्या मेंबरांची. आपल्या खाडीकाठचे ते वकील, शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या कौन्सिलात निवडून गेलेले. बायका पोरं कडेवर घेऊन होडीतून गुडघाभर चिखलात उतरतात, धक्का कधी बांधणार, एवढंच त्यांनी प्रत्येक अधिवेशनात विचारलं. बाकीचे हसायचे. पुढच्या निवडणुकीत ते पडले. धक्का झाला तो ते गेल्यावर, आणि पाटीवर नाव दुसऱ्याचंच. तुम्हाला ते फार लागायचं, म्हणून तुम्ही त्यांचं चरित्र लिहायला घेतलंत. तुमचं स्वयंपाकघर अजून दिसतं. काकू चहा गाळतायत, तुम्ही वहीतून मोठ्याने वाचताय आणि माझा डोळा फणसाच्या गऱ्यांवर. "अरे, ते पडले तेवढं तरी नीट ऐक!" फणसावरून आठवलं, आधी इकडेच हुफूफला होतो तेव्हा खजूर इतका खाल्ला की... जाऊ दे, भरकटलो.

माझं अक्षर बरं म्हणून तुम्ही ती वही मला पक्की प्रत करायला दिलीत. शाळेकडून मला मिळालेली तेवढीच शाबासकी. चार पानं उतरवली, कंटाळलो आणि मुंबईला पळालो. वही पिशवीतच. तुमचा फोन आला तेव्हा म्हणालो, धक्क्यावर हातातून सुटली, पाण्यात गेली. तुम्ही म्हणालात, "असू दे. तू नाही ना पडलास?" पुढे तुम्ही आठवून आठवून पुन्हा लिहीत होतात म्हणे, पण त्यांच्या निवडणुकीपर्यंतही पोचला नाहीत.

आता दर शुक्रवारी कॅम्पवर बसून उतरवतो. ते पडतात ते पान आज झालं. हे पत्र कुठे टाकणार? वहीतच ठेवतो. गुरुजी, ती पाण्यात गेली नव्हती. तिचं एक पानही भिजलेलं नाही.