बाईसाहेबांचे स्थळ

४ फेब्रुवारी

उद्या नर येणार! घड्याळकाका स्वतः घेऊन येत आहेत. घड्याळदुरुस्तीचे दुकान मुलीच्या हाती सोपवल्यापासून ते घरी टॅरंट्युला कोळी वाढवतात. आमच्या या छंदात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांचा नर वयात आला आहे, आणि वयात आल्यावर या कोळ्यांचे नर फार दिवस जगत नाहीत. तांबड्या गुडघ्यांची वयात आलेली मादी ओळखीत फक्त माझ्याकडे आहे. आईने तिचे नाव ‘बाईसाहेब’ ठेवले — “दिवसभर बसून असतात आणि जेवण जागेवर लागतं!”

मी परीक्षेत पहिली आले तेव्हा मामाने ही एका दुकानातून आणून दिली. मला नेमके काय आवडेल, हे इतके अचूक कोणी ओळखले नव्हते. अजूनही त्याचे आभार नीट मानता आलेले नाहीत.

५ फेब्रुवारी

जोडी लावली नाही. मी लावू दिली नाही!

दोन्ही डबे शेजारी ठेवले होते. गुडघे तसेच तांबडे, पाठ तशीच काळी. पण बाईसाहेबांच्या जबड्यांवर दोन करडे पट्टे आहेत. नराच्या जबड्यांवर एकही नाही. तांबड्या गुडघ्यांच्या दोन जाती सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात. त्यांचा संकर झाला, तर पिल्ले ना इकडची ना तिकडची. आणि अशी शेकडो पिल्ले घरोघरी गेल्यावर कोणाला काय ओळखू येणार?

“काका, मला शंका आहे.” एवढेच म्हणू शकले. बाईसाहेब दुकानातल्या, त्यांच्या कुळाची हमी कोण देणार? खोट असली तर आमच्याकडचीच. काकांच्या नरावर शंका घेण्याइतकी मी मोठी नाही.

“अगं, पट्टे उजेडाने कमीजास्त दिसतात.”

“तिने कात टाकली की कातीवरून नक्की कळेल. तोवर नको.”

“हा तोवर थांबायचा नाही, पोरी.” काकांनी झाकण लावले. चहा अर्धाच राहिला.

ते गेल्यावर आई म्हणाली, “दारात आलेलं स्थळ परत पाठवलंस! एरवी बसमध्ये कोणाला ‘सरका’ म्हणायची हिंमत नाही तुझी!”

१९ फेब्रुवारी

बाईसाहेब जेवत नाहीत; कात टाकायची वेळ जवळ आली की असेच होते. काकांचा फोन नाही.

२ मार्च

नर गेला. काकांच्या मुलीने कळवले — “तुला सांग म्हणाले बाबा.”

२१ मार्च

कात! मी वर्गात असताना आईचा फोन — “अगं, तुझी बया मेली! नाही, थांब... दोन झाल्या!”

टाकलेली कात हुबेहूब दुसऱ्या कोळ्यासारखी दिसते; पण वाळली की आक्रसते, मग तिच्यातले काही उलगडत नाही. आई झुरळ दिसले तरी खुर्चीवर चढते. पण बाईसाहेब बाजूला सरकल्यावर तिने लांब चिमट्याने कात बाहेर काढली आणि ओल्या फडक्यात ठेवली. “माझ्याकडे बघत होती गं ती!” म्हणून आता सगळ्यांना सांगते आहे. या आईचे मी काय काय फेडू?

२२ मार्च

महाविद्यालयातल्या बाईंनी सुट्टी असूनही प्रयोगशाळा उघडून दिली. मादीच्या कातीत, पोटाच्या आतल्या बाजूला, नराचे बीज साठवण्याची इवलीशी पिशवी असते. तिचा आकार दोन्ही जातींत वेगळा. मी सूक्ष्मदर्शकातून पाहिले. मग बाईंनी पाहिले.

काका आपला नर ज्या जातीचा म्हणून सांगतात, त्याच जातीच्या आहेत बाईसाहेब.

म्हणजे माझी शंका फुकट! पट्टे खरोखरच उजेडाचे. आणि त्या शंकेपायी तो नर एकटाच गेला.

फोन करायला हात धजत नव्हता. केला.

“काका, मी चुकले. आमची कोळीण तुम्ही म्हणता त्याच जातीची निघाली.”

“खात्री आहे?”

“कॉलेजच्या बाईंनीही पाहिलं.”

“बरं. लपवलं नाहीस, हे बरं केलंस.”

रागावले नाहीत. रागावले असते तर सोपे गेले असते.

२३ मार्च

काकांचा फोन. मेलेला नर त्यांनी जपून ठेवला होता. काल माझ्याशी बोलून झाल्यावर त्यांनी त्याचे तोंडाजवळचे आखूड हात भिंगाखाली धरले. नराची जात तिथे कळते.

“तुझी कोळीण खरी, पोरी. दुसऱ्या जातीचा होता तो माझा. नि त्याच्या भावांची पिल्लं मी गावभर वाटलीयत.” मग आवाज उतरला. “थांबवलंस, उपकार झाले. माझ्याकडच्या साऱ्या काती घेऊन येतो. बघशील?”

मी “हो” म्हणाले. जराही न अडखळता.